जुळलं

एका संध्याकाळी विजेचं बिल आलं. मुलाने पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि मग पाकिटावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. नाव आमचंच होतं. त्याने कागद सुनेकडे दिला. तिने तो वाचला, घडी घातली, परत उलगडला आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवला. नेहमीच्या बिलाच्या पाचपट रक्कम होती. थंडीचे दिवस होते हे खरं, पण थंडी काही पाचपट पडली नव्हती.

मी टेबलापाशी बसलो होतो. अशा वेळी मी गप्प बसणारा माणूस आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं वाक्य मनातल्या मनात तीनदा दुरुस्त होतं, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. त्या दिवशी मात्र ते पहिल्या फटक्यात बाहेर पडलं.

"घरात माणसं वाढली की मीटर पळणारच," मी म्हणालो.

माणसं वाढली म्हणजे एकच माणूस वाढलं होतं. सुनेची आई, माझ्या विहीणबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि घरात दुसरं कुणी नाही. डॉक्टरांनी तीन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. जेमतेम महिना झाला होता. आमच्या मागच्या खोलीत त्यांची सोय केली होती. मी बोललो तेव्हा त्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून हीटरचा लालसर उजेड फरशीवर पडला होता. माझं वाक्य संपल्यावर थोड्या वेळाने टक् असा आवाज आला, आणि फरशीवरचा उजेड गेला.

मागची खोली माझी होती. हे आधीच सांगायला हवं होतं, पण सांगायची लाज वाटत होती. तिथे माझी पुस्तकं, माझी खुर्ची आणि खिडकीपाशी ठेवलेलं टेबल. विहीणबाई यायच्या होत्या तेव्हा सुनेने मला विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला चालेल ना?" आणि मी म्हणालो होतो की अगं, त्यात काय विचारायचं. तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत कोचावर झोपत होतो. दिवसा एखादं पुस्तक लागलं तर दारावर टकटक करून आत जायचो, आणि लागणारं पुस्तक नेमकं त्यांच्या पलंगामागच्या फळीवर असायचं. त्या म्हणायच्या, "या व्याही, तुमचीच खोली आहे." त्या मनापासून म्हणत असत. मला ते टोचायचं.

विहीणबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचे नंबर जोडून दिलेले. त्यामुळे आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि बोलायला विषय लागत नसे. मी अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. शाळेची पुस्तकं छापायला जाण्यापूर्वी त्यातल्या चुका शोधायच्या. आमचं सगळं काम खाली मान घालून. दोन म्हाताऱ्या माणसांना एका घरात ठेवायचं तर याहून विजोड जोडी सापडली नसती. मुलगा गमतीने म्हणायचा, एकीकडे एक्स्चेंज आणि दुसरीकडे शुद्धलेखन खातं, मध्ये आमची लाइन कायम बिझी.

बिलानंतर घरात काटकसर सुरू झाली. मुलगा औषधांच्या गोदामात देखरेखीला आहे, त्याला नियम करायची सवय. कपडे धुण्याचं यंत्र आठवड्यातून दोनदाच, इस्त्री एकदाच, गिझर सकाळी वीस मिनिटं. रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत उतरवायचा, म्हणजे फरक पडतो का ते कळेल. हे काम अर्थातच माझं. मीटर गच्चीवर जाणाऱ्या जिन्याखाली आहे, आणि मीटर वाचणं हे अलीकडे घरात माझं म्हणून ठरलेलं एकमेव काम होतं.

पूर्वी वीज कंपनीचा माणूस येऊन आकडा घेऊन जायचा. मग तो यायचा बंद झाला आणि गेल्या महिन्यात त्याऐवजी दाराला एक कार्ड अडकवलेलं सापडलं: मीटरचा आकडा चौकटीत लिहून नाक्यावरच्या पेटीत टाकावा, किंवा अ‍ॅपवर फोटो पाठवावा. मुलगा म्हणाला होता, मी फोटो पाठवतो, दोन सेकंदांचं काम. मी नको म्हणालो. माणसाला लिहिता वाचता येत असताना फोटो कशाला काढायचा, असं काहीतरी मी म्हणालो होतो. ते पहिलंच कार्ड मी शाईच्या पेनने भरलं आणि आकडा वहीतही टिपून ठेवला. अक्षर माझं चांगलं आहे. छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी म्हणायचे, तुमची दुरुस्ती वाचायला डोळे ताणावे लागत नाहीत.

विहीणबाईंनी काटकसर आमच्यापेक्षा जास्त मनावर घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खोलीत हीटर लागला नाही. गुडघा शेकायची विजेची पिशवी त्यांनी गुंडाळून कपाटावर ठेवून दिली. त्यांची आंघोळ सगळे कामावर गेल्यावर असायची, तेव्हा गिझर बंद असे. त्या मुलीला सांगायच्या, "बादलीत पाणी काढून ठेवते गं सकाळीच, कोमट राहतं." ते कोमट राहत नव्हतं. दुपारी त्या बाहेर येत तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं निळसर झालेली मी पाहत होतो. पाहत होतो आणि वर्तमानपत्र वर करत होतो.

दोन आठवडे असे गेले. मग एका सोमवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी त्या आपल्या घरी जाणार. फार दिवस झाले, घर बंद आहे, नळ गळतोय की काय कोण जाणे. सुनेने घास खाली ठेवला. ती म्हणाली, तीन महिने सांगितलेत डॉक्टरांनी, तिसरा मजला आहे आई. विहीणबाई म्हणाल्या, रोज थोडंच उतरायचंय, एकदा वर चढले की चढले. त्या रात्री मुलगा आणि सून त्यांच्या खोलीत हळू आवाजात भांडत होते. सुनेचं एकच वाक्य मला नीट ऐकू आलं: "आपण जड झालोय असं तिला इथे कुणीतरी वाटायला लावलंय."

मी कोचावर पडून होतो. रविवारपासून आपल्याला आपली खोली मिळेल, हा विचार माझ्या मनात आला. आला हे खरं, आणि तो लगेच घालवून दिला असं मी म्हणू शकत नाही.

बुधवारी दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. मुलाला मी रोजच्या आकड्यांचा तक्ता करून देणार होतो: मागच्या बिलातला आकडा, या बिलातला आकडा, मग रोजचे. मी जिन्याखाली स्टुलावर बसून वही उघडली. विहीणबाई वॉकर सरकवत आल्या. रिकाम्या बसून कंटाळल्या होत्या. फ्रिजवरचं बिल त्यांनी हातात घेतलं होतं.

"मी सांगते, तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. "आकडे सांगण्यात माझं आयुष्य गेलंय."

छापखान्यात आम्ही असंच करायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळे ठेवून ताडून बघायचं. मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय काही पुढे जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दोन आठवडे मी रोज मीटर वाचत होतो आणि एकदाही ते बिल समोर धरून ताडून पाहिलं नव्हतं. माझ्या आकड्यात चूक असेल असं मला वाटलंच नाही.

त्यांनी मागचा आकडा सांगितला. मी लिहिला. मग चालू महिन्याचा आकडा त्या एक्स्चेंजच्या पद्धतीने, एकेक सुटा करून सांगू लागल्या.

"दोन, तीन, नऊ, शून्य, दोन."

मी दोन, तीन लिहून थांबलो. मान वर करून मीटरकडे पाहिलं. तिथे तेवीस हजार दोनशे एकसष्ट होते. आणि त्या मला सांगत होत्या की महिन्याभरापूर्वी तेच मीटर तेवीस हजार नऊशे दोनवर होतं. मीटर मागे जात नाही.

"पुन्हा सांगा," मी म्हणालो.

"दोन, तीन, नऊ, शून्य, दोन. का, लाइनमध्ये खरखर आहे का?" आणि त्या हसल्या.

मी वहीची पानं मागे उलटली. कार्ड भरलं त्या दिवशीचा आकडा माझ्याच अक्षरात तिथे होता: २३१०२. तेवीस हजार एकशे दोन. कार्डावर मी तो तसाच, आपल्या मराठी आकड्यांत लिहिला होता, जसे मी आयुष्यभर लिहिले. आमच्या वळणदार पद्धतीचा एक: वर गोल गाठ, खाली लांब शेपूट. कंपनीच्या कचेरीत बसलेल्या एखाद्या मुलीने किंवा यंत्राने तो पाहिला असणार. दोन आणि तीन दोन्हीकडे जवळपास सारखेच दिसतात, शून्य तर सारखंच असतं. मधला माझा एक तेवढा इंग्रजी नऊ झाला. आठशे युनिटं त्या एका शेपटीने वाढवली होती. मी उरलेली वजाबाकी केली. विहीणबाईंच्या हीटरने, शेकायच्या पिशवीने आणि गरम पाण्याने मिळून सगळी सत्तर युनिटंही जास्त जळली नव्हती.

माझे कान गरम झाले. समोर विहीणबाई एका पायावर भार टाकून, बिल हातात धरून उभ्या होत्या. जिन्याखालच्या फरशीवर थंडी असते. त्यांनी दोन स्वेटर घातले होते.

"जुळलं का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी मनात ते वाक्य दुरुस्त करत बसलो. अडतीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाने काय म्हणून सांगायचं? मुलाने फोटो काढतो म्हटलं तेव्हा आपण काय बोललो होतो ते आठवलं, बिलाच्या दिवशी बोललो तेही आठवलं. आणि रविवारही आठवला.

"जुळलं," मी म्हणालो.

त्यांनी बिल परत फ्रिजवर लावलं आणि खोलीत गेल्या.

गुरुवारी मी एक कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. लिहिलेलं वाचलं तर त्यात कंपनीची चूक फार आणि माझी कमी दिसत होती. दुसरा मसुदा केला. त्यात मी स्वतःला इतकं झोडपलं होतं की वाचणाऱ्याला माझीच कीव यावी. तो फाडला. तिसऱ्यात तीन ओळी होत्या, त्या बऱ्या होत्या, पण मी त्यात स्वल्पविराम कुठे द्यावा याचा विचार करत बसलो आणि संध्याकाळ झाली. सून कामावरून आली. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर उभं राहून पाय सुजतात. तिने मला चहा दिला आणि विचारलं, "बाबा, बरं नाही का वाटत?" मी म्हणालो, जरा डोकं जड आहे. तिने गोळी आणून दिली. मी ती घेतलीही.

शुक्रवारी विहीणबाईंनी मला हाक मारली. त्यांनी पलंगावर बॅग उघडून ठेवली होती. उशीखालून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, बिलात जास्तीचे झाले तेवढे आहेत. मुलगी घेणार नाही, जावई तर नाहीच नाही, म्हणून तुमच्याकडे देतेय. मी गेल्यावर द्या. त्यांची पेन्शन किती आहे ते मला ठाऊक होतं. पाकिटावर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

मी ते घेतलं. नको म्हणालो, त्या म्हणाल्या घ्या हो, आणि मी घेतलं. आत्ता हे लिहितानाही असं वाटतं की इथे थांबावं. पाकीट मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. दिवसभर ते माझ्या छातीशी होतं, आणि वाकलं की टोचत होतं.

शनिवारी सकाळी मीटर वाचायचं राहिलं, म्हणून दुपारी मी जिन्याखाली गेलो. डोक्यावर पायऱ्यांवरून आवाज आला. आधी वॉकरचा पाय भिंतीला टेकल्याचा, मग कठड्याच्या लाकडाचा. मी स्टुलावर तसाच बसून राहिलो.

विहीणबाई गच्चीच्या जिन्यावर सराव करत होत्या. उद्या तीन मजले चढायचे होते. त्या स्वतःशी मोजत होत्या, त्याच स्वच्छ उच्चारात, एकेक सुटं. एक. मग बराच वेळ काही नाही. दोन. तीनला आवाज थोडा वर गेला. चार त्या म्हणाल्याच नाहीत. कापडाचा फरफटल्यासारखा आवाज झाला आणि त्या पायरीवर बसल्या. मी बाहेर आलो. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला होता आणि डोळे मिटले होते. ओठांचा रंग गेला होता.

त्यांनी डोळे न उघडताच ओळखलं की मी आहे.

"व्याही," त्या म्हणाल्या, "मुलीला सांगू नका हं."

मी त्यांना हात दिला. खाली उतरवून खोलीत नेलं. हीटर लावू का विचारलं तर त्या म्हणाल्या, आता एका रात्रीसाठी कशाला.

संध्याकाळी चहाला चौघे टेबलाशी होतो. उद्या टॅक्सी किती वाजता बोलवायची ते ठरत होतं. मी खिशातून पाकीट काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग वही काढली. काय काय बोललो ते मला क्रमाने आठवत नाही. माझा एक त्यांच्याकडे नऊ झाला, बिल खोटं आहे, विहीणबाईंचा काही संबंध नाही, हे पैसे त्यांनी दिलेत आणि मी ते घेतलेत, असं मी सांगितलं. आज दुपारी त्या जिन्यावर बसल्या होत्या तेही सांगितलं. त्यांचं 'सांगू नका' मी मोडलं.

मुलाने वही ओढून घेतली, बिल आणलं, दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि हसायला लागला. सुटल्यासारखं हसला तो. "म्हणजे शुद्धलेखन खात्यानेच घोळ घातला," असं काहीतरी म्हणाला आणि फोन घेऊन मीटरचा फोटो काढायला उठलाही. आठवड्यात बिल दुरुस्त होईल, म्हणाला.

सून हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

आत्ता, दुपारी, असं म्हणता आलं असतं. वहीत कुठलीच तारीख त्याविरुद्ध बोलली नसती.

"बुधवारी," मी म्हणालो.

मुलगा दारातच थांबला. विहीणबाईंनी कप बशीत ठेवला.

"बुधवारी मी विचारलं होतं, जुळलं का म्हणून," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही जुळलं म्हणालात."

"हो."

मग त्या बोलल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता.

"आमच्याकडे चुकीचा नंबर लागला तर माफी मागायची आणि दुसरा जोडून द्यायचा. रोज लागायचे, त्याचं कुणाला काही नसायचं. पण कुणी मुद्दाम लाइन तोडून ठेवली तर त्याला दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसू देत नसत."

मी मान हलवली. क्षमा मागायचा शब्द तोंडात आला होता, तोही मी उच्चारला, पण तो इतका पुटपुटला गेला की कुणी ऐकला की नाही सांगता येत नाही.

त्यांनी पाकीट उचललं आणि पर्समध्ये टाकलं. "मी जात नाही उद्या," त्या मुलीला म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस राहणार. टॅक्सी नको." मग वॉकर पकडून उठल्या. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानेच बसा म्हणून सांगितलं. जावयाने त्यांना खोलीत नेलं. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून लालसर उजेड बाहेर आला, आणि मग त्यांनी आतून दार लावून घेतलं. इतक्या दिवसांत त्यांनी ते कधी लावलं नव्हतं.

सून कपबशा गोळा करून स्वयंपाकघरात गेली. मी काही वेळ बसलो आणि मग तिच्या मागे गेलो. का गेलो, माहीत नाही. काहीतरी बोलावं असं वाटलं असेल. ती नळाखाली कप धुऊन शेजारी उपडे घालत होती. माझ्याकडे तिची पाठ होती.

"खोली हवी होती तर मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी आईला आमच्या खोलीत घेतलं असतं. आम्ही दोघं बाहेर झोपलो असतो. त्यात काय होतं."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधंच बोलली, बाजारातून काय आणायचं ते सांगतो तसं. तिला खोलीचं कळलं आहे, हे मला तेव्हा कळलं. कदाचित पहिल्या दिवसापासून कळलं असेल, मी चालेल म्हणालो तेव्हापासून. मी आयुष्यभर असं समजत आलो की गप्प बसणाऱ्या माणसाच्या मनातलं कुणाला वाचता येत नाही.

खुंटीवरचा पंचा घेऊन मी ओट्यावरची एक बशी उचलली आणि पुसायला लागलो.

"ती पुसलेली आहे," सून म्हणाली.

मी हो म्हणालो, आणि पुसत राहिलो.